नकाराची तालीम

इटलीतील ऑपेरागायनाला युनेस्कोने डिसेंबर २०२३मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पण हा वारसा गळ्यातून गळ्यात जातो, तो नीट जातो आहे का? मिरेल्ला फ्रेनी (१९३५–२०२०) या सोप्रानो (उंच पट्टीच्या) गायिकेची कारकीर्द या प्रश्नाला थेट भिडते.

मोदेनाच्या या मुलीने लहानपणी रेडिओच्या स्पर्धेत पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’मधले गाणे म्हटले. थोर टेनर बेन्यामिनो जिल्यीने तिला बजावले, गळा पक्व होईपर्यंत गाऊ नकोस. तिने ऐकले. १९५५मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ती गावातच ‘कार्मेन’मधली मिकाएला गायली. १९६३मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात वाद्यवृंदसंचालक कारायानच्या ‘ला बोएम’मधल्या मिमीने तिचे नाव जगभर केले. पुढे याच कारायानने ‘तुरांदोत’ची जड भूमिका देऊ केली, तेव्हा तिने साफ नकार दिला. ‘बटरफ्लाय’ तिने ध्वनिमुद्रित केले, चित्रपटातही गायली. रंगमंचावर मात्र कधीच नाही. स्टुडिओत थांबून दम घेता येतो. रंगमंचावर ‘बटरफ्लाय’ची नायिका चो-चो-सान हिला जवळजवळ उसंत नसते, समोर भरगच्च वाद्यवृंद आणि आवाज पोचवायला मायक्रोफोन नाही.

तिचे सगळे निर्णय अचूक होते, असे नव्हे. १९७९च्या ‘आइदा’त एकांतातले आर्जव ती सुरेख उभे करते, पण समूहगायनाच्या वर चढताना आवाज ताणलेला ऐकू येतो. तरीही सत्तरीत, २००५मध्ये, वॉशिंग्टनला चायकोव्हस्कीचा ऑपेरा गाऊन ती निवृत्त झाली, ती गळा शाबूत ठेवूनच.

२००२मध्ये पती, बास गायक निकोलाय ग्याउरोव याच्यासह तिने मोदेनाजवळच्या विन्योला येथे बेलकांतोचे, म्हणजे जुन्या इटालियन गायनशैलीचे, केंद्र सुरू केले. या परंपरेतला एक जुना रियाज पाहा. एकच स्वर अगदी हळू लावायचा, फुलवत पूर्ण भरायचा आणि त्याच श्वासात पुन्हा मावळू द्यायचा. फासळ्या लवकर मिटल्या की उतरताना स्वर डगमगतो. ही चूक जागच्या जागी पकडणारा कान रोज समोर हवा.

मात्र मोठा गायक म्हणजे मोठा गुरू, हे समीकरण फसवे आहे. फ्रेनी, तेबाल्दी, स्कॉत्तो आणि पावारोत्ती या नामवंत गायकांना शिकवणारा एत्तोरे काम्पोगल्यानी काही गाजलेला ऑपेरागायक नव्हता. प्रख्यात गायकाच्या चार दिवसांच्या कार्यशाळेतून विद्यार्थ्याच्या हाती बहुधा नक्कलच लागते.

सुरेल, दमदार तरुण आवाज आजही आहेत. घाई मात्र त्यांच्या मुळावर येते. विशीत गाजलेल्या गळ्याला तिशीत ‘तुरांदोत’ची निमंत्रणे येतात, आणि नाही म्हणणाऱ्याची जागा घ्यायला दुसरा तयारच असतो. तेव्हा नकाराचा सगळा भार विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. गुरूने ‘अजून नाही’ म्हटले, तर ते वर्ष छोट्या भूमिका देऊन निभावून नेण्याची जबाबदारी नाट्यगृहांनी उचलली पाहिजे. वारसा जपण्याचा खरा खर्च तिथे आहे.