आजीचा कौल, नातवाचा मोबाईल

२०२४च्या पावसाळ्यात बीडच्या आमच्या घरी रात्री नऊला 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व लागायचं. स्पर्धक निक्की तांबोळी ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगावकरांशी उर्मटपणे भांडली, त्या रात्री आजीच्या सुपातल्या शेंगा तशाच राहिल्या. "कशी बोलायली बघ थोरल्या बाईला!" वडिलांना राग आला तो वेगळ्या कारणानं. वर्षाताईंचा 'गंमत जंमत' सिनेमा १९८७चा, त्यांच्या तरुणपणीचा. वर्षाताई म्हणजे त्यांच्या काळाचा मान. माझा भाचा मात्र शांत होता. "आजी, ती आहे म्हणून तर शो चालायलाय. गेम तीच खेळायली."

एकाच बाईला तिघांनी तीन तराजूंत तोललं. आजीचा तराजू वळणाचा, वडिलांचा परिस्थितीचा आणि कर्तबगारीचा, भाच्याचा खेळाचा. मराठीत नाटकाचं, सिनेमाचं, गाण्याचं परीक्षण होतं; रिॲलिटी शोच्या बातम्या होतात, भांडणांचे मथळे होतात, समीक्षा जवळपास होतच नाही. ती होते ती घरोघरच्या बैठकीत, आणि तिचा दर्जा आपण समजतो त्याहून बराच वरचा आहे.

बीडचा जुना प्रेक्षक टीव्हीसमोर कोरा बसलेला नाही. नारायणगड, गहिनीनाथगड या गडांवरची कीर्तनं, गावोगावचे हरिनाम सप्ताह यांत त्याचा कान आणि नजर तयार झाली. कीर्तनकार अभंग कसा सोडवतो, चाल कुठे ढासळते, बोलतो तसा वागतो का, हे सगळं तो एकाच वेळी पाहतो. २००८-०९च्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड गायली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळींनी तिच्या आवाजातला मोकळा, कीर्तनाच्या फडावरचा जोर लगेच ओळखला. शेजारच्या लातूरचा रोहित राऊत पोरांचा लाडका होता. वाद व्हायचा, पण सुरावरून व्हायचा. कलेची स्पर्धा असली की पिढ्या भांडूनही एका मापावर येतात.

'बिग बॉस'मध्ये कला बाजूला राहते आणि माणूसच परीक्षेला बसतो. तिथे पिढ्यांची मापं फाकतात. २०२१च्या तिसऱ्या पर्वात बार्शीच्या कीर्तनकार शिवलीला पाटील त्या घरात गेल्या, तेव्हा हे फार टोकदारपणे दिसलं. माळकरी म्हाताऱ्यांचा आक्षेप त्यांच्या खेळाला नव्हताच. कीर्तनाच्या गादीवर बसणाऱ्यानं त्या घराची पायरी चढावी का, एवढाच प्रश्न होता. पोरांना यात गैर दिसेना, कारण त्यांनी ताईंचं कीर्तन मंडपात कमी आणि यूट्यूबवर जास्त ऐकलेलं. प्रकृतीच्या कारणानं ताई लवकर बाहेर पडल्या आणि पुढे त्यांनी वारकरी संप्रदायाची माफी मागितली. माझं मत म्हाताऱ्यांपेक्षा वेगळं आहे; पण गादीची म्हणून एक जबाबदारी असते, हे त्यांचं म्हणणं मी मागासलेपण म्हणून उडवून लावणार नाही.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट घडते. तिसरं आणि चौथं पर्व नेमकं ऊसतोडीच्या हंगामात आलं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाव सोडून निघून जातात. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कुठला टीव्ही? तिथल्या पोरापोरींनी ती पर्वं पाहिली ती मोबाईलवरच्या तुकड्यांतून, अर्ध्या-एक मिनिटाच्या. सलग भाग पाहणारा माणूस स्पर्धकाचा स्वभाव पाहतो. तुकडे पाहणाऱ्याला फक्त त्याचा क्षण दिसतो. पिढ्यांमधला हा फरक मला वयापेक्षा मोठा वाटतो.

मग पाचव्या पर्वात सूरज चव्हाण आला. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, लहानपणीच आईबाप गमावलेला, टिकटॉकवर गाजलेला पोरगा. ६ ऑक्टोबर २०२४ला तो जिंकला. इंडियन आयडॉलचा पहिला विजेता अभिजीत सावंत दुसरा आला. इथे तिन्ही तराजू एकीकडे झुकले. आजीला त्याचं साधं, लाजरं वागणं भावलं, वडिलांना त्याची गरिबी. भाच्यासाठी तर तो मोबाईलमधून निघालेला आपलाच माणूस. पण खरं सांगायचं तर खेळ, विचार, बोलणं या कसोट्यांवर त्याला कुणी फारसं पारखलंच नाही. 'गरिबाचं लेकरू आहे' म्हटल्यावर आमच्या घरातली चर्चा थांबायची. २५ एप्रिल २०२५ला त्याचा 'झापुक झुपूक' हा सिनेमा आला, तेव्हा मतं टाकणारी ही गर्दी थिएटरकडे वळली नाही. माया खरी होती, परीक्षण झालं नव्हतं. त्याचा तोटा त्या पोरालाच झाला, याचं मला वाईट वाटतं.

तिसऱ्या आणि चौथ्या पर्वांत शनिवार-रविवारच्या निवाड्याला 'चावडी' म्हणत. पाचव्यात रितेश देशमुखांचा 'भाऊचा धक्का' आला. गावच्या चावडीवर निदान म्हातारी माणसं बोलत. आता मत ॲपवर पडतं, आणि ॲप नातवाच्या हातात. आजीनं नाव सांगायचं, बोट त्यानं दाबायचं. मनात आलं तर दुसऱ्याच नावावर. सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात सलग पाहणारी पिढी मोजणीत अशी दुसऱ्याच्या भरवशावर आहे.

पुढचं पर्व लागेल तेव्हा घरातल्या म्हातारीला "कुणाला टाकू?" एवढंच विचारून मोबाईलकडे वळू नका. "का?" तेही विचारा, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत थांबा.