बालकांचीं माहितीचीं पुस्तकें

अमरावतीच्या राजापेठेंत पुस्तकांच्या दुकानीं हल्लीं लहान मुलांसाठीं सचित्र माहितीचीं पुस्तकें पुष्कळ दिसतात. 'तुम्हांला ठाऊक आहे काय?' अशा धाटणीच्या मथळ्याखालीं एक भडक चित्र आणि दोन ओळी, असा त्यांचा थाट असतो. आईबाप तीं कौतुकानें घेतात व मुलें तीं एका बैठकींत फस्त करितात. तेव्हां हा पोरखेळ म्हणून टीकाकारानें सोडून द्यावा, असें आम्हांस वाटत नाहीं.

गुण प्रथम सांगितले पाहिजेत. चित्रें ठसठशीत, अक्षर मोठें, वाक्य आटोपशीर. धड्यास कंटाळणारें मूलहि येथें रमतें. नवल वाटणें हेंच जिज्ञासेचें मूळ होय, हें आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार इतकीच, कीं हीं पुस्तकें बहुधा नवलापाशींच थांबतात.

वऱ्हाडांतलेंच उदाहरण घेऊं. २०२० च्या जून महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी गुलाबी झालें. एवढेंच छापलें तर ती केवळ चमत्काराची वार्ता होते. परंतु उन्हानें पाणी आटलें, मूळच्या खाऱ्या पाण्याचा खारेपणा वाढला, आणि अशा पाण्यांत पोसणारे गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव माजले, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींतून दिसलें. हें चार ओळींत सांगितलें, तर 'मग पावसाळ्यांत काय होईल?' असें मूल आपण होऊन विचारील.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे, असलीं विधानें अशा पुस्तकांतून बिनदिक्कत फिरत असतात. चंद्रावरून ती भिंत नुसत्या डोळ्यांनीं दिसणें शक्य नाहीं. आणि कोणताहि खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाहीं, असें केंद्र सरकारच्या क्रीडा खात्यानेंच २०१२ सालीं कळविलें. लहान मूल छापील अक्षरावर सर्वस्वीं विश्वास ठेवितें, व त्या वयांत बसलेली चूक जन्मभर निघत नाहीं.

शिवाय बरीच माहिती उसनी असते. पेंग्विन पानोपानीं भेटतो. पण शंभराहून अधिक वर्षें नाहींसा मानलेला, १९९७ सालीं खानदेशांत पुन्हां आढळलेला व पुढें याच जिल्ह्याच्या मेळघाटांत सांपडलेला रानपिंगळा आमच्या मुलांस क्वचितच भेटतो.

विनायक कोंडदेव ओकांनीं १८८१ मध्यें 'बालबोध' मासिक काढलें, तेव्हां आजच्यासारखी रंगीत छपाई नव्हती. तरी शास्त्रीय विषय सोप्या मराठींत समजावून देणें हें त्यांनीं मुलांच्या वाचनाचें अंग मानलें. आजच्या प्रकाशकांस साधनांची उणीव नाहीं. पालकांनीं घेण्यापूर्वीं कोणतेंहि एक पान उघडून 'असें कां?' म्हणून पुस्तकासच विचारावें, व उत्तर मिळेल तेंच मुलाच्या हातीं द्यावें, अशी आमची शिफारस आहे.