रक्तगटाच्या परिभाषेतील 'ओ'

रक्तगटांच्या आनुवंशिकतेचे विवेचन करणारी मराठी पाठ्यपुस्तके बहुधा एका कोष्टकाशी येऊन थांबतात. आईबाप दोघेही 'ओ' गटाचे असतील तर अपत्य 'ओ' गटाचेच होणार, हा त्या कोष्टकातील सर्वांत निःशंक मानला गेलेला नियम होय. तो ज्या शब्दांत मांडला जातो त्या शब्दांची तपासणी मात्र सहसा होत नाही. आणि दोषाचे मूळ तेथेच आहे.

लँडस्टायनरने १९०१ मध्ये ज्या गटाला 'सी' म्हटले, त्यालाच पुढे 'ओ' हे नाव मिळाले. जर्मन भाषेत आजही त्यास 'नुल', म्हणजे शून्य, म्हणतात व ते अधिक सार्थ आहे. 'ए' आणि 'बी' ही तांबड्या पेशींवरील द्रव्यांची नावे. 'ओ' हे त्या दोहोंच्या अभावाचे नाव. अभावालाही भावाच्याच पंक्तीतले अक्षर दिल्याने विद्यार्थी 'ओ' नामक तिसरे द्रव्य कल्पितो. वस्तुतः पाणिनीय परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाचा असा घोटाळा होऊ नये. लोप म्हटला की तो कशाचा, हा प्रश्न तेथे आधी येतो.

'प्रभावी' आणि 'अप्रभावी' या संज्ञांनी घोटाळा वाढविला आहे. त्यांतून एका जनुकाने दुसऱ्यास दडपल्याचे चित्र उभे राहते. बर्नस्टाइनने १९२४ मध्ये तीन पर्यायी जनुकांची उपपत्ती मांडली, तीत 'ओ'चे स्थान निश्चित झाले. त्याचे स्वरूप कळण्यास १९९० साल उजाडावे लागले. बहुतेक 'ओ' जनुकांत एकच अक्षर गळालेले असते. त्यामुळे पुढील सारे वाचन सरकते आणि घडणारे प्रथिन निरुपयोगी ठरते. 'ओ' दडपला जात नाही. तो मूकच असतो. 'अप्रभावी'पेक्षा 'निष्क्रिय' हा शब्द येथे सत्याच्या अधिक जवळ जातो.

परंतु अभावाचेही दोन प्रकार संभवतात. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये 'लान्सेट' या नियतकालिकात मुंबईतील ज्या रक्ताची नोंद केली, त्यात 'ए' व 'बी' तर नव्हतेच, पण ती द्रव्ये ज्या पायावर उभी राहतात ते 'एच' द्रव्यही नव्हते. हा पाया घडविणारे जनुक 'ए-बी-ओ' जनुकापासून अगदी वेगळ्या गुणसूत्रावर असते. नेहमीच्या चाचणीत असे रक्त 'ओ' म्हणूनच दिसते, जरी त्या व्यक्तीपाशी धडधाकट 'ए' जनुक असले तरी. अशी माता आणि सामान्य 'ओ' गटाचा पिता यांच्या अपत्यास मातेकडून 'ए' व पित्याकडून 'एच' मिळाले, तर ते अपत्य निःसंशय 'ए' गटाचे होईल. कोष्टकावर विसंबणारा मनुष्य अशा वेळी जनुकाऐवजी मातेच्या शीलावर संशय घेईल. पाठ्यपुस्तकातील एका 'च'ची किंमत एखाद्या घराला एवढी मोजावी लागू शकते.

भारतात असे रक्त सुमारे दहा हजारांत एकाचे असते असे सांगितले जाते. प्रमाण अल्प म्हणून अपवाद गाळावा, हा युक्तिवाद टिकणारा नाही. 'ओ' गटाच्या मनुष्यास हीच पुस्तके 'सार्वत्रिक दाता' म्हणतात. मुंबई रक्तगटाच्या रुग्णाच्या रक्तद्रवात 'एच'विरोधी प्रतिद्रव्य असते आणि सामान्य 'ओ' रक्तात 'एच' विपुल असते. ते रक्त त्यास दिल्यास तांबड्या पेशी फुटून प्राणावर बेतते. त्यास केवळ स्वतःच्याच गटाचे रक्त चालते.