‘सॉफ्टवेअरचे ज्ञान इष्ट’: एका जाहिरातीचे वाचन

फायनाइट एलिमेंट किंवा संगणकीय यांत्रिकीतल्या संशोधन प्रकल्पासाठी निघालेली जेआरएफ पदाची एखादी जाहिरात उघडा. गेट किंवा नेट, दरमहा 37,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. आणि शेवटी ‘इष्ट’ या शब्दापुढे बहुधा एकच ओळ: अ‍ॅन्सिस किंवा अबॅकसचे ज्ञान.

माझा आक्षेप या ओळीला आहे. ती वाचून तुम्ही सुट्टीत प्रमाणपत्राचा वर्ग लावता आणि मुलाखतीत समोरचे विचारतात, ‘हा घटक वाकताना चुकतो का?’

चार बिंदूंचा आयताकृती घटक घ्या, संपूर्ण गाउस इंटिग्रेशनचा. शुद्ध नमनात तुळईच्या कडा वक्र व्हायला हव्यात, पण या घटकाच्या कडा सरळच राहतात. त्यामुळे प्रत्यक्षात नसलेली कर्तन विकृती गणितात शिरते. प्रतल प्रतिबल आणि पॉयसन गुणोत्तर शून्य धरले, तर चौरस घटक दीडपट ताठर निघतो. लांबी उंचीच्या 10 पट असेल तर 51 पट! हे कागदावर अर्ध्या तासात निघते. सॉफ्टवेअर मात्र कोणतीही सूचना न देता रंगीत चित्र काढून देते. (आमच्या प्रयोगशाळेच्या पुस्तिकेतही कुठे क्लिक करायचे तेवढेच लिहिलेले असते. ती पुस्तिका लिहिणाऱ्यांत मीही आहे.)

याची किंमत किती असू शकते? नॉर्वेतील स्लाइप्नर ए या सागरी प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पायाभाग 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळ चाचणी चालू असताना बुडाला. वापरलेले सॉफ्टवेअर नास्ट्रान, नावाजलेले. पण ज्या भिंती फुटल्या तिथली जाळी ढोबळ होती, आणि कर्तन प्रतिबल सुमारे 47 टक्के कमी आले. त्यावर बेतलेली भिंत कमी जाडीची झाली आणि सळयांची मांडणीही अपुरी पडली. नंतरच्या काटेकोर गणिताने 62 मीटर खोलीवर बिघाड दाखवला. प्रत्यक्षात तो 65 मीटरवर झाला. ते मूळ गणित करणारे ‘इष्ट’ची ओळ सहज पार करून गेले असते.

म्हणून जाहिरातीत आधी प्रकल्पाचे शीर्षक वाचा. रबर असेल तर आकारमान जवळजवळ न बदलणाऱ्या पदार्थात घटक का अडकतो, ते पाहून जा. तडा असेल तर तड्याच्या टोकाशी काय होते ते. शीर्षकच मोघम असेल तर प्रकल्पप्रमुखांना ईमेल करून विचारा; त्यात काही वावगे नाही.

आणि अर्जाला रंगीत चित्र नको. जाळी चार वेळा बारीक करून टोकाचे विस्थापन कसे स्थिरावत गेले, त्याचा एक आलेख जोडा. एल आकाराच्या पट्टीत आतल्या कोपऱ्यातले प्रतिबल मात्र प्रत्येक वेळी वाढतच गेले, तर घाबरू नका. रेषीय स्थितिस्थापकतेच्या गणितात ते तिथे अनंतच असते. आलेखाखाली तसे लिहा.