रोहिणीकाठची हद्दपारी : एका प्रसंगाचे पुनर्वाचन

वर्षावासात गावोगावच्या विहारांतून परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्याच्या पहिल्या खंडातील रोहिणी नदीचा प्रसंग कागल तालुक्यात वाचला जाताना अधिकच जवळचा वाटतो. दूधगंगेचे पाणी सुळकूड येथून इचलकरंजीस न्यावे की नाही, या प्रश्नावर नदीकाठची गावे आणि तहानलेले शहर अलीकडच्या वर्षांत परस्परांसमोर उभी ठाकली. शाक्य आणि कोलिय यांचा तंटाही पाण्याचाच होता. तथापि या प्रसंगाचा गाभा पाणीवाटपात नाही, तो हद्दपारीत आहे, असे आमचे मत आहे.

वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांना बुद्धीस पटणारी वाटली नाही. त्यांच्या मांडणीनुसार सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद होता. कोलियांविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या ठरावास त्याने विरोध केला आणि बहुमताने तो पराभूत झाला. देहदंड किंवा हद्दपारी द्यावयाची तर कोसलराजाची अनुज्ञा हवी. परंतु कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्यास आणि त्याच्या जमिनी जप्त करण्यास तशी अनुज्ञा लागत नाही, अशी जाणीव सेनापतीने त्याला दिली. तेव्हा कुटुंबाला वाचविण्यासाठी त्याने परिव्राजक होऊन देश सोडण्याचे मान्य केले. यशोधरेचा निरोप घेऊन, सर्वांच्या देखत तो निघाला.

यावर अभ्यासकांचा एक आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. पाली अट्ठकथांत रोहिणीचा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. तेथे स्वतः तथागत मध्यस्थी करतात. मग हा प्रसंग गृहत्यागाशी जोडणे कितपत ग्राह्य? सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात शस्त्रधारणेतून उपजणारे भय आणि अल्प जलातील माशांप्रमाणे तडफडणारी माणसे यांचे वर्णन संवेगाचे कारण म्हणून येते. धर्मानंद कोसंबी यांनीही बाबासाहेबांच्या ग्रंथापूर्वी आपल्या ‘बोधिसत्त्व’ नाटकात या संघर्षाचा गृहत्यागाशी संबंध जोडला होता. हा दुवा अनुमानाचा आहे, हे मान्य करूनही तो निराधार ठरत नाही.

तरीही आमच्या दृष्टीने बहिष्कार आणि जमीनजप्ती यांचा उल्लेख या प्रसंगात सर्वांत मोलाचा आहे. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांविरुद्ध सामाजिक बहिष्कार हे शस्त्र कसे वापरले जाते, हे तिच्या १९३० च्या अहवालात नोंदले आहे. सेनापतीच्या मुखी त्यांनी घातलेली धमकी महाराष्ट्रातील दलित वस्त्यांच्या परिचयाची आहे. राजाज्ञेविना, गावकीच्या एका निर्णयाने माणूस परागंदा होतो. बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच या प्रसंगाचे आजचे औचित्य आहे.

पुढील भाग वाचक बहुधा घाईने ओलांडतात. राजगृहात बिंबिसार सिद्धार्थाला आपले अर्धे राज्य देऊ करतो. तो ते नाकारतो. पाच परिव्राजक येऊन शाक्य-कोलियांत समेट झाल्याचे सांगतात. परतीची वाट मोकळी होते. तरीही तो परतत नाही. एक युद्ध टळले, पण माणसामाणसांतील नित्याचा संघर्ष संपलेला नाही, हे त्याला उमगते. त्याच्यापुरता अन्याय दूर झाला म्हणून त्याने शोध थांबविला नाही.

येथे आमच्या प्रदेशाचा इतिहासही तपासून पाहावा. १९२० साली तत्कालीन कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी तेथे तरुण बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. दूरच्या पीडितांना आश्रय देणे हे निःसंशय थोर कार्य आहे. आपल्याच सभेत विरोधी मत देणाऱ्यास आपल्यात राहू देणे मात्र अधिक कठीण असते. शाक्य संघ या कसोटीस उतरला नाही. पूर्व पाकिस्तानातील कप्ताई धरणाने विस्थापित झालेले चकमा बौद्ध १९६४ पासून भारताच्या ईशान्येत आले. त्यांना बळाने हुसकावून लावू नये, हे सांगण्यासाठीही १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला.

ज्या सिद्धार्थाला एका संघाने देश सोडावयास लावले, त्यानेच पुढे दुसरा संघ स्थापन केला. त्यात नापित उपाली आणि झाडूवाला सुनीत यांना सन्मानाने प्रवेश मिळाला. आपण दररोज तिसरण म्हणतो. ‘सरण’ आणि ‘शरणार्थी’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. आपल्या तालुक्यात, आपल्याच वस्तीत एखाद्या कुटुंबावर बहिष्कार पडला, तर आपले विहार त्याच्यासाठी उघडे राहील काय? हा ग्रंथ हाच प्रश्न आपल्याला विचारतो, अशी आमची धारणा आहे.