कित्ता आणि हस्ताक्षर

एका तरुण चित्रकाराने परवा आपली अभ्यासाची वही आमच्यापुढे ठेविली. गाब्रिएले म्युंटर या जर्मन चित्रकर्त्रीने रंगविलेल्या मुर्नाउ गावच्या एका देखाव्याची छापील प्रत समोर घेऊन त्याने तो देखावा सात वेळा उतरविला होता. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "अभिव्यक्तिवाद म्हणजे चित्रकाराच्या अंतःकरणाचा उद्गार. दुसऱ्याचा उद्गार उतरवून घेण्यात कसली आली आहे विद्या?" हा आक्षेप वरवरचा नाही, म्हणून त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुर्नाउ हे बव्हेरियात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी वसलेले लहानसे गाव. १९०८ साली म्युंटर ही कँडिन्स्की, याव्लेन्स्की व वेरेफ्किन यांच्यासह तेथे चित्रे काढावयास राहिली. तोवर ती रंगांचे जाड, तुटक फटकारे देऊन उजेडाचा खेळ टिपीत असे. मुर्नाउस थोड्याच आठवड्यांत तिचा हात पालटला. घरे, रस्ते व डोंगर ठळक काळसर रेषांत बांधले गेले, आत सपाट व गडद रंग आले, आणि बारीकसारीक तपशील गळून पडला.

परंतु हे सारे केवळ अंतःस्फूर्तीने घडले असे मानणे बरोबर नव्हे. त्या प्रांतात काचेच्या मागील बाजूने साधुसंतांची चित्रे रंगविण्याची जुनी लोककला होती. म्युंटरने त्या चित्रांच्या नकला केल्या, व राम्बोल्ड नावाच्या तेथील कारागिराकडून ती रीत शिकून घेतली. या कलेत नकलेचा कमीपणा नव्हता. काचेखाली नमुना ठेवावयाचा, त्याच्या रेषा काचेवर उतरावयाच्या, मग रंग भरावयाचे, आणि काच उलटून चित्र पाहावयाचे. जिचा उद्गार आपण स्वयंभू समजतो, तिनेही कित्ता गिरविलाच होता. आपल्याकडे गायनाचा शिष्य वर्षानुवर्षे गुरूच्या गळ्याने गातो; त्यास चोर कोण म्हणतो?

आता त्या वहीकडे वळू. पहिल्या प्रतीत आमच्या मित्राने सवयीप्रमाणे भिंतींवर छायाप्रकाश घातला आहे. त्याबरोबर भिंत जड झाली व चित्र निर्जीव झाले. तिसऱ्या प्रतीत डोंगराची निळाई त्याने मोठ्या कष्टाने जुळविली, तरी ती मळकट दिसते; कारण शेजारचा पिवळा रंग फिका पडला आहे. रंग एकटा कधीच नसतो, हे त्यास व्याख्यानाने कळले नसते. आरंभी कुंपणासारखी कोरडी असलेली बाह्यरेषा सातव्या प्रतीत कोठे जाड, कोठे बारीक होत रंगांना धरून ठेवते. काय घ्यावे याहून काय टाकावे हे जाणणे कठीण. ते त्याच्या हातास सात वेळा गिरवून कळले. येथपर्यंत आम्ही त्याच्या बाजूचे आहोत.

मात्र आठव्या पानावर त्याने सह्याद्रीच्या कुशीतील आपले गाव रंगविले आहे. चित्र वैशाखातले, असे त्यानेच सांगितले. पण डोंगर थेट मुर्नाउचे निळे! करपलेल्या गवताचा तो तांबूस पिवळेपणा कोठे गेला? दुपारी पांढरीफटक पडणारी वाट कोठे गेली? येथे शेजारच्या गृहस्थांचा आक्षेप खरा ठरतो. म्युंटरने आपल्या डोळ्यांपुढील डोंगर पाहून काही टाकले, काही राखले. आमच्या मित्राने आपला डोंगर पाहण्यापूर्वीच तिचा निर्णय उसना घेतला. दोष नकलेचा नव्हे, कित्ता वेळीच न मिटल्याचा आहे.

हे बोलून दाखविताच त्याचा चेहरा उतरला, आणि आम्हांसही वाईट वाटले. परंतु खोट्या कौतुकाने त्याचे अधिक नुकसान झाले असते. ज्या घरांतून मुले रंगपेटी घेऊन बसतात, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. मुलांस खुशाल गिरवू द्यावे. पण मग ती छापील प्रत कपाटात ठेवून त्यांस उन्हात पाठवावे. अक्षर वळणदार झाले, की पत्र ज्याचे त्यानेच लिहावयाचे असते.