चेसीपासून वर

ही गाडी नीट पाहायची तर आधी तिच्याखाली आडवं व्हावं लागतं. भोकरात उस्तादांच्या अंगणात गेलं की चहाच्या आधी हातात गोणपाट येतं. लिंबाच्या सावलीत ते अंथरायचं, पाठीवर पडायचं आणि फाळक्याच्या बाजूनं आत सरकायचं. अंधाराला डोळे सरावले की वर एक शिडी दिसू लागते. पन्हाळीच्या आकाराच्या दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना धरून ठेवणारे आडवे तुकडे. काळा, न चमकणारा रंग. अडीच वर्षांच्या कामातलं सगळ्यांत सुंदर काम इथं आहे, आणि ते रस्त्यावरच्या माणसाला कधीच दिसणार नाही.

गाडी महिंद्राची एफसी-१५०, १९७१ च्या नोंदणीची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. बोनट नावाचा प्रकारच नाही. चालक पुढच्या चाकांवर बसतो, इंजिन त्याच्या डाव्या मांडीशी, झाकणाखाली. उस्तादांची सगळी नोकरी एस. टी. च्या आगारात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी एका आखाड्यावरून आणली तेव्हा तिच्या हौद्यात कडबा होता आणि केबिनमध्ये कोंबड्या. त्यांनी ती सुटी केली. शेवटचा नट निघेपर्यंत, नुसती चेसी चार विटांच्या खांबांवर उरेपर्यंत. मग तिथून वर बांधत आणली.

या शिडीची लांबी-रुंदी आधी समजून घ्यायला हवी, कारण या गाडीचा सगळा विचार त्या मापात आहे. दोन आसांमधलं अंतर ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट. ते माप मूळचं सीजे-५ जीपचं. अमेरिकेत विलीजनं १९५६ साली त्याच छोट्या पायावर, बोनट काढून टाकून, सहा फुटांहून लांब हौदा बसवला. रूप दिलं ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी. जीपएवढी जागा, आणि माल मात्र मोठ्या गाडीचा. तिकडे ही गाडी १९६५ च्या सुमारास बंद झाली. त्याच साली ती आपल्याकडे सुरू झाली. ज्या मापाला अमेरिकेत फार गिऱ्हाईक मिळालं नाही, ते बांधाबांधानं वळणाऱ्या आपल्या वाटांना बरोबर बसलं.

पहिल्या दिवशी मी एका सांध्यापाशी अडकलो. मागच्या पाट्याचा कंस जिथं चेसीला जोडला आहे, तिथं आठ रिव्हेट आहेत. कारखान्याबाहेर सगळे त्याला रिपिट म्हणतात. सहांची डोकी झिजलेली, कडांना खाल्लेली. दोनांची गोल, भरलेली. ती दोन नवी. आजकाल कुणीही तिथं नट-बोल्ट घातला असता, नाहीतर वेल्डिंगचा एक ओघळ ओढून मोकळा झाला असता. उस्तादांनी गावातल्या लोहाराला भात्यासकट अंगणात बसवलं, रिव्हेट लाल केले आणि भोकात घालून पलीकडून ठोकले. तापलेला रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळतो. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना हेच होतं. धाव तापवून सैल करायची, लाकडावर बसवायची, पाणी ओतायचं. लोखंड स्वतःच्या आखडण्यानं चाक धरतं. त्या लोहाराच्या वडिलांनी धावा चढवल्या होत्या. एफसीच्या कंसासाठी त्याला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

आणि हा हट्ट जुनेपणाच्या प्रेमातून आलेला नाही. बांधावर एक चाक चढतं आणि दुसरं खाली राहतं, तेव्हा शिडीची चेसी पिळवटते. तिनं पिळवटलंच पाहिजे. वेल्डिंगनं सांधा दगडासारखा होतो, त्याच्या शेजारचं तापलेलं पोलाद ठिसूळ पडतं, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत नेमकी तिथंच चीर दिसते. आवळलेला रिव्हेट सांधा घट्ट ठेवतो आणि चेसीला तिची पिळवटण्याची मुभा ठेवतो. हे कळल्यावर त्या दोन गोल डोक्यांवर बोट फिरवावंसं वाटतं. मी फिरवलं.

चीर या गाडीतही आहे. डाव्या पट्टीवर, इंजिनाच्या थोडी मागं. तिचा इतिहास असा. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि पेट्रोलवर चालणारी कामाची गाडी शेतकऱ्याला परवडेना. १९७५ च्या सुमारास महिंद्रानं जीपलाच डिझेल इंजिन दिलं, तेही इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. मग जुन्या पेट्रोल गाड्यांचे मालकही गावोगावच्या मिस्त्र्यांकडून तेच करून घेऊ लागले. या गाडीतही कुणीतरी ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं होतं आणि त्यासाठी चार कंस थेट पट्टीच्या खालच्या ओठावर वेल्ड केले होते. पन्हाळीच्या वरच्या आणि खालच्या ओठांवर सगळा ताण येतो. मधली उभी भिंत त्या मानानं निवांत असते. भोक पाडायचं तर भिंतीत. ओठाला हात लावायचा नाही. इथं ओठालाच चटका बसला होता, आणि डिझेलच्या हादऱ्यानं चीर तिथून वर चढली.

उस्तादांनी चिरेच्या टोकाला आधी एक बारीक भोक पाडलं. चीर टोकाशी अणकुचीदार असते म्हणून पुढं सरकते. टोक गोल केलं की तिचा जोर पसरतो आणि ती थांबते. मग चीर इंग्रजी व्हीसारखी खोदून भरली. वरून पत्र्याचं ठिगळ लावलं, तेही चौकोनी नाही, शंकरपाळ्याच्या आकाराचं, म्हणजे ताण एका उभ्या रेषेवर साचत नाही. इतकं सगळं करून त्यांनी जे केलं त्याला मी या कामातली सर्वांत धीट ओळ म्हणेन. त्यांनी चार कंस कापून काढले, पण वेल्डिंगचे वण पार घासून गुळगुळीत केले नाहीत. पाण्याला जागा राहणार नाही इतपतच घासले आणि रंग दिला. कवीच्या वहीत खोडलेला शब्द वाचता यावा तशी गाडीची डिझेलची वर्षं त्या चार खडबडीत डागांत वाचता येतात.

चेसी सरळ करताना त्यांनी वापरलेलं हत्यार म्हणजे गवंड्याचा ओळंबा. गाडी उभी असतानाच चेसीच्या आठ ठिकाणांहून तो सोडला, खालच्या शहाबादी फरशीवर खडूनं फुल्या मारल्या, आणि गाडी ढकलून बाजूला केल्यावर सुतळीनं फुल्यांचे कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा तीन सूत जास्त भरला. कधीतरी एका कोपऱ्यावर मार बसून चौकट तिरकी झाली होती. साखळी आणि जॅक लावून त्यांनी ती हळूहळू ओढली, गॅसचा भपका न लावता. पोलाद तापवलं की सोपं वाकतं आणि नंतर कायमचं नरम राहतं. तीन दिवस लागले. फुल्या पावसानं धुऊन गेल्या, पण कर्णांचे आकडे घराच्या भिंतीवर पेन्सिलीनं अजून आहेत, मुलांच्या उंचीच्या खुणांशेजारी.

गंजाबद्दल आपल्या भागाचं एक वेगळं व्याकरण आहे. कोकणात गाडी खाऱ्या हवेनं बाहेरून सोलते. आपल्याकडे उन्हाळा कोरडा, वरून पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. खातो तो काळ्या मातीचा चिखल. पन्हाळीच्या आत, दोन पत्र्यांच्या जोडात तो भरतो, फरशीसारखा घट्ट होतो आणि पावसाळ्याची ओल दिवाळीपर्यंत धरून ठेवतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो दोन पत्र्यांच्या मध्ये पाचरीसारखा काम करतो. "सर, बाहीर दिसतो त्या गंजाला भ्यायचं नाही," उस्ताद म्हणाले. "आत गप बसतो त्याला भ्यायचं." बरेच जण मजबुतीसाठी पन्हाळीची उघडी बाजू पत्रा लावून बंद करतात आणि चौकोनी नळी करून टाकतात. त्यांनी ती उघडीच ठेवली. चिखल आत येणारच, तर त्याला बाहेर पडायची वाट हवी.

वर सरकू. पाटे. मागच्या बाजूला पाटा पाट्यावर बसलेला आहे, आणि सुटे केले तेव्हा अंगणात मांडलेले मी पाहिले होते. प्रत्येकाची कमान वेगळी असते. सर्वांत लांब पाटा सर्वांत कमी वाकलेला, लहान होत जाईल तसा जास्त. मधला बोल्ट आवळला की लहान पाटे वरच्यांना दाबून धरतात. गाडी खाली-वर होते तेव्हा पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घासणंच झोके आवरतं. उतरलेल्या कमानी लोहारानं थंड लोखंडावरच घण मारून परत उचलल्या. मधे ग्राफाइटचं ग्रीस. पण हे पाटे माल गृहीत धरून बनवलेले आहेत. हौदा रिकामा असला की या गाडीचं सगळं वजन पुढं, चालकाखाली असतं, आणि मागची चाकं खड्ड्याखड्ड्याला उसळतात.

इंजिन. इथं उस्तादांनी मोठा निर्णय घेतला. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन चालू होतं. ते उतरवून त्यांनी ताडपत्रीखाली ठेवलं आणि मूळ जातीचं पेट्रोल इंजिन शोधायला निघाले. शेवटी सिकंदराबादच्या राणीगंजात ते सुट्या भागांत मिळालं. ब्लॉक टेम्पोनं आला. बाकीचं सामान कृष्णा एक्स्प्रेसनं, पिशव्यांतून, चार फेऱ्यांत भोकर स्टेशनावर उतरलं.

हे इंजिन वाचण्याजोगं आहे. २१९९ सीसी, चार सिलिंडर. पिस्टनचा व्यास ७९ मिलिमीटर आणि चाल १११. व्यासापेक्षा चाल इतकी लांब, म्हणून ते घाई करत नाही. कमी फेऱ्यांवरच ओढतं, चिखलात जे हवं असतं ते. युद्धातल्या जीपचं इंजिन बार्नी रूस यांनी घडवलं होतं. महिंद्रा घराण्यातले के. सी. महिंद्रा अमेरिकेत याच रूसना भेटले होते, आणि १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. युद्धातल्या त्या इंजिनात दोन्ही वाल्व बाजूला, ब्लॉकमध्ये होते. नंतरच्या रूपात, जे या गाडीत आहे, विलीजनं आत हवा घेणारा वाल्व वर डोक्यात नेला आणि धूर सोडणारा बाजूलाच ठेवला. वरचा वाल्व मोठा करता आला, इंजिनाला मोकळा श्वास मिळाला, आणि खालचा सगळा ब्लॉक जुन्या ओळखीचा राहिला. जुन्या घरावर एकच नवा मजला चढवावा तसं. एवढ्या कमी बदलात एवढं साधलेलं मला यंत्रांत फार ठिकाणी दिसलेलं नाही.

सिलिंडर नांदेडला रिबोअर करून आणले. मोठ्या साइजचे पिस्टन दहा, वीस, तीस, चाळीस अशा पायऱ्यांनी मिळतात. लेथवाला चाळीसला नेऊ म्हणत होता, म्हणजे एकदाच स्वच्छ काम. उस्तादांनी तीसवर थांबवलं. एक पायरी पुढच्या माणसासाठी शिल्लक आहे.

आवाज ऐकायला इंजिनाच्या झाकणाशेजारी बसावं. फायरिंगचा क्रम एक-तीन-चार-दोन. मंद गतीवर चारही ठोके सुटे ऐकू येतात, सम अंतरानं, आणि त्याखाली मागून वर्तुळ पूर्ण करणारी धुराड्याची घरघर. डिझेलची ओळखीची खडखड ज्यांच्या कानात आहे, आणि भोकरात ती सगळ्यांच्याच कानात आहे, त्यांना हा आवाज आधी बिघडल्यासारखा वाटतो, इतका तो हळू आहे.

वायरिंग, ब्रेक, रेडिएटर यांबद्दल मला सांगण्यासारखं विशेष नाही. ती कामं चोख झाली आहेत. रंग राखी-हिरवा, लांबी अगदी कमी भरलेली. हौद्यातले पोचे त्यांनी मुद्दाम काढले नाहीत, आणि तळाच्या पत्र्यावर हळदीच्या आणि तुरीच्या पोत्यांनी पाडलेली झीज अजून तशीच आहे. एका गोष्टीवर मात्र माझं त्यांच्याशी पटलेलं नाही. पुढच्या बंपरला त्यांनी क्रोम चढवून आणला. कामाच्या गाडीच्या तोंडावर तो चकाकता पट्टा मला खटकतो. चेसीवर इतका संयम दाखवलेला हात तिथं घसरला आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण बंपर तसाच ठेवला.

हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉईस आहे. दुरुस्त करून, झळाळून ठेवलेली. मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता, त्यामुळे ती आपल्या इतिहासाचाही भाग आहे, आणि ती जपली हे चांगलंच झालं. पण जी गाडी भोकरच्या बाजारात कापूस, हळद आणि बाळंतिणीला घेऊन आली, तिला जपण्याची जागा आपल्याकडे नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी असेल तर व्हीए अक्षरांचा वेगळा क्रमांक, दहा वर्षांची नोंदणी, पहिल्यांदा २०,००० रुपये शुल्क. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नियम नेटका आहे. पण तो खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, आणि ही मालवाहू म्हणून नोंदलेली. मूळ इंजिनापर्यंत परत नेलेली ही गाडी त्या दारातून आत जाऊ शकत नाही. घाम गाळलेल्या यंत्राला वारशाबाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ते दार बंद, म्हणून पहिली फेरी उस्तादांच्याच शेतात झाली, गाडीवाटेनं, विहिरीपर्यंत. सोयाबीन निघून गेलेलं, वाटेवर बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या. मी डाव्या बाजूला बसलो होतो. पुढचं चाक चाकोरीत उतरलं की चेसी किंचित पिळवटल्याचं तळव्यांना कळत होतं, आणि लगेच सरळ झाल्याचंही. पण मागून सारखा धडधडाट येत होता. रिकामा हौदा नाचत होता, फाळक्याच्या कड्या वाजत होत्या. विहिरीशी पोचल्यावर उस्तादांनी गाडी बंद केली नाही. खाली उतरले, मुलाला हाक मारली, आणि कोठ्यातून सोयाबीनची पोती आणायला सांगितली. दोन पोती ठेवली, पाट्यांकडे वाकून पाहिलं, अजून चार मागवली. सहावं पोतं पडलं तेव्हा पाटे दोन बोटं खाली बसले. परत येताना मागून आवाज आला नाही.